सत्तावीस नंबरचा कोपरा

१

पाहुण्यांनी हसत हसत पहिल्या बक्षिसाच्या, सत्तावीस नंबरच्या पाकिटात दोन बोटं घातली आणि तशीच बाहेर काढली. बोटांत काहीच नव्हतं. त्यांनी पाकिटात फुंकर मारली, उलटं करून तळहातावर आपटलं, शेवटी डोळ्याला लावून आत बघितलं. दीडशे माणसं खुर्च्यांच्या कडेवर सरकून बसली होती. विजेत्याचं नाव आलं की ठोका द्यायचा म्हणून गामेलानची काशाची वाद्यं वाजवणाऱ्यांनी हातोड्या उचलून धरल्या होत्या, त्या तशाच हवेत राहिल्या.

"यात नाव नाही हो," पाहुणे म्हणाले. "पाकीट रिकामं आहे."

क्लुंगकुंग जिल्ह्याच्या चक्रवाल छायाचित्र मंडळाच्या सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंडळाची रीत अगदी सोपी होती. जिल्ह्यातल्या कुणीही निसर्गचित्राची निगेटिव्ह, फार तर दोन, कुलूपबंद पेटीत टाकायच्या. सोबत नावाची चिठ्ठी बंद पाकिटात. पेटी उघडली की दोन्हींवर एकच नंबर पडायचा आणि पाकिटं कपाटात जायची. परीक्षक शेजारच्या जावा बेटावरून यायचे, त्यांना फक्त नंबर दिसायचे. कुणाचा बाप कोण आणि कुणाचं भिंग किती महागाचं, हे कुणाला कळायचं नाही.

तिसऱ्या रांगेतून रास्मी उठली आणि पाकीट हातात घेऊन बघू लागली. फोटो छापण्याचं आणि चौकटी करण्याचं तिचं दुकान बाजारात होतं, त्यामुळे कागद हा तिचा विषय. वरचा जोड शाबूत होता. खालची कड मात्र पातळ पात्याने चिरून भाताच्या खळीने पुन्हा चिकटवली होती.

"चिठ्ठी काढून घेतलीय कुणीतरी," ती म्हणाली.

मंडपात मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज झाला. त्या गलक्यातून मंडळाचे अध्यक्ष ओका सुदाना रेशमी उपरणं सावरत उभे राहिले. "चिठ्ठी गेली म्हणून चित्र जात नाही," ते म्हणाले. "सत्तावीस नंबर माझा आहे."

२

समारंभ कसाबसा आटोपला. मंडळाचे सर्वात जुने सभासद डॉक्टर सुतेजा रास्मीला बाजूला घेऊन गेले. सगळ्यांसारखेच तेही तिला इबू, म्हणजे बाई, म्हणायचे.

"गुरुवारच्या विमानाने चित्र जकार्ताला जायचंय, देशाच्या प्रदर्शनाला," ते म्हणाले. "खाली नाव हवं, नाहीतर ते घेत नाहीत. ओका म्हणतो माझं. असेलही. पण माझं मन घेत नाही, इबू. बुधवारी संध्याकाळी बैठक आहे. तोवर काही कळलं तर बघा. एकेचाळीस निगेटिव्हांना हात लागलाय तो फक्त तुमचाच."

रास्मी चित्रासमोर जाऊन उभी राहिली. खरं सांगायचं तर गेले दहा दिवस ती रोज काही ना काही निमित्त काढून त्याच्यासमोर येत होती. दरीतल्या भाताच्या पायऱ्या, काठोकाठ पाण्याने भरलेल्या. आगुंग डोंगर एकदा आकाशात आणि मग प्रत्येक पायरीत तुकड्या-तुकड्याने पुन्हा. उजवीकडून कोवळं ऊन नुकतंच बांधांच्या कडांना शिवलेलं. खाली गावातली छपरं आणि छपरांमधून जाणारा मोकळा रस्ता. त्या रस्त्याच्या मधोमध तीन कुत्री पाय ताणून झोपलेली.

ही निगेटिव्ह तिने छापली ती रात्र ती विसरली नव्हती. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये बुडवला, आणि आधी डोंगराची रेघ, मग पाणी वर आलं. तिच्या हातून हजारो डोंगर वर आले होते. लोक सूर्यास्त आणायचे, नारळाची झाडं आणायचे, आपल्याला काय दिसलं यापेक्षा पाहुण्यांना काय आवडेल ते आणायचे. या माणसाने काहीच मांडलं नव्हतं, तो नुसता थांबला होता. कागद धुताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिला त्याची लाजही वाटली नव्हती.

खोट एकच होती. डाव्या कोपऱ्यात अगदी खाली काळं-पांढरं काहीतरी अस्पष्ट शिरलं होतं. रस्त्याकडेच्या छोट्या दगडी देवळीला गुंडाळलेल्या चौकड्यांच्या वस्त्राचं टोक असावं, असं तिने तेव्हा धरलं होतं. रस्त्यांच्या वळणांवर अशा देवळ्या असतातच.

"तो कोपरा कापला असता तर बरं झालं असतं, इबू."

मागे केर्ता उभा होता, मंडळाचा राखणदार. झाडलोट, चित्रं टांगणं, किल्ल्या सांभाळणं, सगळं त्याच्याकडे. आज समारंभाच्या गाड्या लावून घ्यायच्या म्हणून तो आपल्या गावच्या पेचालांगाच्या वेषात आला होता. पेचालांग म्हणजे गावाने नेमलेला पहारेकरी. कमरेला लुंगीवरून काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळून तो उभा राहिला की मिनिस्टरची गाडीसुद्धा मुकाट्याने मागे जायची.

"परीक्षकही तेच म्हणाले," रास्मी म्हणाली. "पण कुणाच्या चित्राला कात्री लावणारी मी कोण, ब्ली?" वयाने मोठा म्हणून ती त्याला ब्ली, म्हणजे दादा म्हणायची.

केर्ता पुढे सरकला. त्याने हातातल्या फडक्याने काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती.

"बरं, शनिवारी दुपारी निकालाचे नंबर कुणाकुणाला कळले होते?"

"कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे. ओका साहेब, चिटणीस सुक्रेनी आणि मी. तिघांनाही ठाऊक होतं."

"कपाटातून आणखी काय गेलं?"

"काहीच नाही. निगेटिव्ह जागच्या जागी आहे."

रास्मी दारापर्यंत गेली आणि थबकली. चोराने नाव नेलं आणि निगेटिव्ह ठेवली. असला कसला चोर?

३

ओका सुदानांच्या घरी कॉफी आली, तांदळाच्या वड्या आल्या, आणि त्यानंतर सात भिंगं एकेक करून मखमलीवर आली.

"मे महिन्यात काढलं," ओका म्हणाले. "तेगल बुकित गावाच्या वरच्या वळणावरून. चार दिवस पहाटे जाऊन बसलो, इबू. गाडीवान कंटाळला, पण मी नाही कंटाळलो. निसर्गाची आराधना करावी लागते."

"आणि कोपऱ्यात ते काळं-पांढरं काय आलंय?"

ओकांनी डोळे किलकिले केले. "ते... खडक असेल. घाईत लक्षात नाही आलं."

रास्मीने वडीचा तुकडा तोडला. चार दिवस बसणाऱ्या माणसाला घाई कसली, हे तिने विचारलं नाही. टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे मात्र तिने नीट बघून घेतलं. महागाचा, भिंगातून जे येईल तेच डोळ्याला दाखवणारा. त्यातून बघणाऱ्याला कोपऱ्यातलं ते भूत आधीच दिसलं असतं.

चिटणीस सुक्रेनी शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या समुद्राच्या चित्राला दुसरं बक्षीस मिळालं होतं. सत्तावीस बाद झालं तर पहिलं तिचंच. रास्मी शाळेत पोचली तेव्हा ती फळा पुसत होती.

"मला ठाऊक आहे लोक काय बोलतायत," ती तडकून म्हणाली. "विचारा ना सरळ."

"विचारते. चिठ्ठी तू काढलीस?"

"मला ते चित्र बाद करायचं असतं तर निगेटिव्ह पळवली असती, इबू. चिठ्ठी कशाला? उद्या तो माणूस उठून म्हणाला की माझं आहे, तर माझी पंचाईत!" तिने डस्टर आपटलं आणि तिचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? शनिवारी सगळे गेल्यावर मी एकटीच त्याच्यासमोर बसले होते. मी तीन वर्षं समुद्राच्या मागे धावतेय. वाटलं, एवढं शांत मला कधी बघताच आलेलं नाही. रस्त्यात कुत्री झोपलीत, बघितलंत? तेगल बुकितच्या रस्त्यावर! तिथून सकाळी वाळूचे ट्रक सुटतात, कोंबडीसुद्धा जीव मुठीत धरून पलीकडे जाते."

रास्मी ऐकत होती. पोरीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि दुसरी काय होती हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट साधी होती. हेवा करणाऱ्याने निगेटिव्ह जाळली असती. फुकटचं श्रेय घेणाऱ्याने पुरावा म्हणून ती खिशात घातली असती. इथे चोराने चित्राला धक्काही लावला नाही. त्याला चित्र जगायला हवं होतं आणि नाव मरायला हवं होतं. पण स्वतःचं नाव कुणी चोरतं का?

४

तेगल बुकितला तिला केर्तानेच नेलं, आपल्या दुचाकीवरून. त्याचंच गाव ते.

"वळणावर काय बघायचंय?" त्याने वाटेत विचारलं.

"कॅमेरा कुठे ठेवला होता ते."

त्याने वळणाशी दुचाकी थांबवली. वळणाला कमरेएवढा दगडी कठडा होता. रास्मीने चित्राची छोटी प्रत काढली आणि कठड्याच्या कडेकडेने सरकत डोंगराची सोंड, देवळाचं शिखर आणि नारळाचं वाकडं झाड जुळवत गेली. एका जागी तिन्ही एका रेषेत बसली. कठड्यावर हनुवटी टेकावी एवढ्या उंचीवरून हे चित्र घेतलं होतं. कॅमेरा तिवईवर नव्हता, कठड्यावरच टेकवला होता, खाली काहीतरी मऊ घालून.

तिने डावीकडे बघितलं. देवळी नव्हती. वस्त्र गुंडाळलेलं झाडही नव्हतं. नुसता दगड, त्यावर शेवाळ.

"इथे पूर्वी देवळी होती, ब्ली?"

"नाही." केर्ता दरीकडे बघत होता. "कधीच नव्हती."

खाली बांधावर रिमिगआजोबा बसले होते. ते दरीचे पाटकरी. कुणाच्या वाफ्याला पाणी कधी सोडायचं हे चाळीस वर्षं त्यांच्या शब्दावर चालायचं. रास्मीने चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने ते हातभर लांब धरलं, आणि त्याचा चेहरा नातवंड बघावं तसा झाला.

"माझं पाणी! कसं बसलंय बघ, एक सुरकुती नाही. कुणी काढलं गं?"

"तेच शोधतेय, आजोबा. मे महिन्यात काढलं म्हणतात."

"कोण म्हणतो तो शहाणा? मे महिन्यात इथे हिरवं भात उभं होतं. त्याच्या फोटोत पाणी काय त्याने बादलीने ओतलं? वरच्या देवळाखालचे हे बावीस वाफे एकदम भरलेले असतात फक्त दहा दिवस. या वर्षी नवव्या महिन्याच्या अवसेला धरून, मार्चात. त्यानंतर लावणी झाली, मग पाण्यात डोंगर कुठला दिसायला!"

रास्मीने मनात हिशेब जुळवला. मार्चमधले दहा दिवस. ओकांचं विमान जमिनीवर आलं होतं.

म्हातारा अजून चित्र बघत होता. त्याचं बोट छपरांवरून फिरलं, रस्त्यावर आलं, कुत्र्यांपाशी थांबलं, पुन्हा छपरांवर गेलं. मग त्याने चित्र पालथं केलं आणि चटका बसल्यासारखं तिच्या हातात दिलं.

"काय झालं, आजोबा?"

"सकाळ आहे ना ही?" तो हळू आवाजात म्हणाला. "सूर्य वर आलाय. मग कुणाच्याच चुलीचा धूर कसा नाही?"

५

परतीच्या वाटेवर रास्मी दुचाकीच्या मागे बसून हिशेब मांडत होती.

एकशे चाळीस घरांच्या गावात सकाळी एकही चूल पेटलेली नाही. रस्त्यावर ट्रक नाही, माणूस नाही, दारात ताजा नैवेद्य ठेवणारी बाई नाही. वर्षात अशी सकाळ एकच. नवव्या महिन्याची अमावस्या सरली की नव्या शकाचा पहिला दिवस, न्येपी. त्या दिवशी सगळं बेट श्वास रोखून बसतं. विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. राजा असो की रंक, भिंतीच्या आत.

बाहेर असतात ते फक्त पेचालांग. कमरेच्या चौकड्यांच्या वस्त्रावरून ओळखू येणारे.

दुकानात आल्यावर रास्मी अंधारखोलीत गेली. सत्तावीस नंबरची निगेटिव्ह तिने कपाटातून मागून आणली होती. छापताना ती नेहमी एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करणाऱ्या यंत्रात, पत्र्याची चौकट बसवायची. चित्राच्या कडा त्याखाली झाकल्या जायच्या. प्रत्येक कॅमेऱ्याची आतली खिडकी कुठे ना कुठे खरचटलेली असते आणि तिची खूण प्रत्येक चित्राच्या कडेवर उमटते. जाणत्या डोळ्याला त्यावरून कॅमेरा कळतो, आणि स्पर्धेत ते कळणं बरं नव्हे. सतरा वर्षांत तिने ती चौकट कधी काढली नव्हती. आज काढली.

निगेटिव्हच्या वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा दात होता.

रास्मी स्टुलावर बसली. हा दात तिने लग्नानंतरच्या पहिल्या चित्रापासून बघितला होता. मार्ताच्या, तिच्या नवऱ्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा होता तो. डोळा लावायची काच वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे अगदी जवळचं काही कोपऱ्यात शिरलं तर काढणाऱ्याला दिसतच नसे. मार्ता त्यावरून रोज कॅमेऱ्याला शिव्या द्यायचा. तो गेल्यावर तिने सगळं सामान एका सकाळी वाटून टाकलं. चांगले तीन कॅमेरे लोकांनी पटापट उचलले. ते एक जुनं खोकं कुणालाच नको होतं. मग सगळ्यात मागे उभा असलेला एक माणूस दोन्ही हात पुढे करून म्हणाला होता, "मी नेऊ, इबू?"

तिने दार उघडलं. केर्ता अजून पायरीवर बसला होता, जणू त्याला कुणी बस म्हणून सांगितलं होतं.

"आत या, ब्ली."

तो आत आला. निगेटिव्ह लावलेल्या दिव्याकडे एकदा बघून त्याने मान खाली घातली.

"वस्त्र घडी करून खाली घातलं होतं," तो म्हणाला. "कॅमेरा हलू नये म्हणून. वाऱ्याने टोक उडालं असणार. मला दिसलंच नाही."

"त्या कॅमेऱ्यात नाहीच दिसत. मार्ताला पण नाही दिसायचं."

केर्ताने कमरेच्या गाठीतून कागदाची घडी काढून तिच्यासमोर ठेवली. चिठ्ठी होती. मोठ्या, शाळकरी अक्षरात त्याचं नाव.

"बावीस वर्षं त्या वळणावर माझा पहारा," तो म्हणाला. "दर न्येपीला मी एकटाच ते बघतो, इबू. धूर नाही, आवाज नाही. ऊन उतरताना ऐकू येईल असं वाटतं. गाव भिंतीआड, आणि गावाला ठाऊकच नाही आपण त्या दिवशी किती देखणे असतो. घरी येऊन बायकोला सांगायचो. ती म्हणायची, तुम्हाला सांगता येत नाही. मग मी चित्रं टांगता टांगता शिकलो. तुम्ही छापताना बघून शिकलो. सात वर्षं कॅमेरा कमरेला लपवून नेला आणि नुसता परत आणला, हिंमत होईना. या वर्षी पाणी तसं बसलं, आणि..." तो थांबला. "दोन वर्षांपूर्वी मी लेपुगआजीला दंड केला होता. नातू तापाने फणफणला म्हणून तिने दिवा लावला. एक दिवा! पंचवीस किलो तांदूळ दिले तिने, बिचारीने. मी म्हणालो, नेम म्हणजे नेम."

"मग स्पर्धेत कशाला दिलंत?"

"राखणदाराला कोण बक्षीस देतंय? म्हटलं भिंतीवर लागेल, चार लोक बघतील. शनिवारी नंबर कळला आणि पायांखालची जमीन सरकली. नाव फुटलं तर दिवस विचारतील. दिवस कळला, पहारेकऱ्यानेच नेम मोडला हे कळलं, तर हे वस्त्र गेलं."

रास्मीने चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली. "मी बुधवारी दिवसावरून एवढंच दाखवेन की ते ओकांचं नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा. तुमच्या नावाबद्दल मी तोंड उघडणार नाही, मार्ताची शपथ."

"मग चित्र?"

"चित्र उतरवतील," रास्मी म्हणाली. तिला खोटं बोलता आलं नाही.

६

बुधवारी बैठकीत ओका पांढऱ्याशुभ्र पोशाखात आले. रास्मीने त्यांच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"साहेब, तुमचं नाव आनंदाने घालू. फक्त एवढं लिहून द्या, की हे चित्र तुम्ही न्येपीच्या सकाळी तेगल बुकितच्या रस्त्यावर उभं राहून काढलंत."

ओकांचा हात पेनावर जाऊन थांबला. त्यांनी चित्राकडे बघितलं. छपरं बघितली, कुत्री बघितली. या बेटावर जन्मलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मे... मे महिन्यातलं ते माझं दुसरं असेल," ते म्हणाले. "अगदी असंच आहे हो."

"असणारच," डॉक्टर सुतेजा म्हणाले. "पाणी बादलीने ओतलेलं." रिमिगआजोबांची ही थट्टा एव्हाना बाजारभर झाली होती.

हशा ओसरल्यावर डॉक्टरांनी उसासा टाकला. "म्हणजे चित्राला धनी नाही. उतरवा मग."

केर्ताला हाक मारायची गरज पडली नाही. तो दारातच होता, आज पुन्हा पेचालांगाच्या वेषात. चित्र उतरवायचं काम त्याचंच. तो चित्रापाशी गेला, चौकटीला दोन्ही हात लावले आणि तसाच उभा राहिला. मग त्याने चौकट सोडली, कमरेचं काळं-पांढरं वस्त्र सोडलं, चार घड्या घातल्या आणि टेबलावर ठेवलं. त्यावर चिठ्ठी ठेवली.

"धनी मी आहे," तो म्हणाला. "गावाला आधी मी सांगतो. नंतर तुम्ही नाव घाला."

त्याच संध्याकाळी तेगल बुकितच्या सभामंडपात गाव जमलं. रास्मी मोठी प्रत घेऊन गेली होती, कागदात गुंडाळलेली. केर्ताने उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गावप्रमुखाने इकडेतिकडे बघितलं. बावीस वर्षं ज्याच्या नजरेला गाव घाबरत आलं त्याला काय बोलावं, हे कुणालाच सुचेना.

तेव्हा लेपुगआजी काठी टेकत उठली.

"पंचवीस किलो," ती म्हणाली. "एक दाणा कमी नको. नेम म्हणजे नेम."

"देतो, आजी."

"आणि पुढच्या न्येपीला घरात बसायचं, आमच्यासारखं."

"बसतो."

"बरं." म्हातारी रास्मीकडे वळली. "आता दाखव ते. पंचवीस किलो घेतलेत त्याचे, बघू तरी कशाचे घेतले."

रास्मीने कागद सोडला. लोक जवळ आले, मागचे टाचा उंचावून उभे राहिले. रोज ज्या दरीत ते जगत होते, जिथे नांगरत होते, भांडत होते, ती त्यांच्यावाचून कशी दिसते हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं. एका बाईने हात जोडले आणि मग आपण हात का जोडले म्हणून ओशाळून हसली. रिमिगआजोबा पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होते, "माझं पाणी."

लेपुगआजी चित्राला नाक लावून काहीतरी शोधत होती. शेवटी तिचं वाकडं बोट एका छपरावर थांबलं.

"हे माझं घर," ती मोठ्याने म्हणाली. "बघा सगळ्यांनी. धूर आहे? नाही ना? दिवा आहे? मी पाळलंय. अख्ख्या गावाने पाळलंय, लेखी पुरावा आहे!" मग ती केर्ताकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "एवढा देखणा असतो होय रे तो दिवस? बावीस वर्षं एकटाच बघत होतास, मेल्या?"

केर्ताने तोंडावर हात धरला. बावीस वर्षांत कुणी त्याला रडताना बघितलं नव्हतं. गावप्रमुखाने चित्र मंडपातच राहील असं सांगितलं, आणि त्यावर मतं घ्यावी लागली नाहीत.

जकार्तासाठीची प्रत दुसऱ्या दिवशी पहाटे निघायची होती. रास्मी कात्री, पट्टी आणि केर्ताची चिठ्ठी घेऊन टेबलाशी बसली. केर्ता समोर उभा होता, कमरेला नुसती साधी लुंगी. ती जागा त्याला स्वतःलाच ओकीबोकी वाटत असावी, कारण त्याचा हात सारखा तिथे जात होता.

"ब्ली, तो कोपरा," तिने विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात कापा म्हणून. आता तुमचंच चित्र आहे. कापू?"

केर्ता वाकला. कोपऱ्यातल्या त्या काळ्या-पांढऱ्या अस्पष्ट टोकाकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"नको, इबू," तो म्हणाला. "तिथे मी उभा होतो."